धक्क्याला होडी लावता येते का?

प्रश्न : आमचे घर दाभोळच्या खाडीकाठी आहे. गेल्या दिवाळीत १६ फुटांची फायबरची होडी आणि २५ अश्वशक्तीचे, मागे बाहेरून बसवायचे आउटबोर्ड इंजिन घेतले. ओळखीच्या तांडेलांनी, म्हणजे होडी हाकणाऱ्या जाणत्या नाखव्यांनी, दोन दिवस सोबत येऊन शिकवले. सरळ आणि वेगात मी होडी उत्तम चालवतो. तरीही पत्नी मुलांना घेऊन बसायला तयार नाही. होडी सुरक्षितपणे चालवता येते, असे नेमके केव्हा म्हणावे?

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे मला रास्त वाटते. सरळ आणि वेगात जाणे हा या विद्येतला सर्वांत सोपा भाग आहे. ओहोटीचा प्रवाह आणि आडवा वारा असताना जो न आपटता धक्क्याला होडी लावतो आणि पाण्यात पडलेल्या माणसाजवळ अलगद परत येऊ शकतो, त्यालाच होडी चालवता येते असे मी म्हणेन.

इथे मोटार चालवण्याची सवय आड येते. मोटारीची पुढची चाके वळतात आणि मागचा भाग मुकाट्याने त्यांच्या मागून येतो. होडीला मात्र मागून रेटा मिळतो, त्यामुळे नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, उजवीकडे वळू लागली की मागची बाजू डावीकडे फेकली जाते. धक्क्याला खेटून उभी असलेली होडी मोटारीसारखी वळवून बाहेर काढायला गेलात, तर तिची मागची बाजू धक्क्यावर घासणारच. दुसरे म्हणजे होडीला ब्रेक नसतो, आणि आउटबोर्डला वेगळे सुकाणूही नसते. पंखा पाणी ज्या दिशेला फेकतो त्यावरच होडी वळते, म्हणून घाबरून न्यूट्रल केले की होडी पुढे सरकत राहते, पण आपले ऐकेनाशी होते. मी स्वतः शिकत असताना प्रवाह पाठीशी घेऊन धक्क्याकडे आलो, एका हातात दोर धरला आणि दुसऱ्या हाताने गडबडीत रिव्हर्सऐवजी पुढचा गिअर टाकला. नाळेवरचे फायबर वीतभर फुटले. ती खूण मी बरेच दिवस मुद्दामच बुजवली नाही.

म्हणून एक महिना वेग विसरा. रिकाम्या कॅनला दोरी आणि दगड बांधून तो उथळ, मोकळ्या पाण्यात सोडा. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने त्याच्याकडे या, गिअर क्षणभर टाकून लगेच न्यूट्रल करत वेग मोडा आणि कॅन हाताच्या अंतरावर आला असताना होडी थांबवा. दहापैकी नऊ वेळा हे जमू लागले की धक्क्याकडे वळा. तिथेही नियम तोच आहे : ओहोटी असेल तर नाळ खाडीच्या वरच्या अंगाला, भरती असेल तर समुद्राकडे, म्हणजे प्रवाहच आपला ब्रेक होतो.

आता खाडीच्या मुखाविषयी, कारण अनुभवी माणसेही तिथेच फसतात. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे जुने गणित तांडेलांनी आपल्याला सांगितले असेलच : पंचमीला साधारण पावणेचार, अष्टमीला सहा. मुंबईहून दक्षिणेकडे जावे तशी ही वेळ थोडी अलीकडे सरकते. या गणिताला वाऱ्याची जोड द्या. आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे जोर धरतात. पुनव-अमावास्येला पूर्ण भरती दुपारच्या सुमारास येते, म्हणजे खारा वारा ऐन भरात असतो त्याच वेळी उधाणाची ओहोटी त्याच्या तोंडावर बाहेर धावत असते. त्यातही पाण्याच्या एकूण चढउतारापैकी जवळजवळ निम्मा भाग मधल्या दोन तासांत होतो. वारा आणि प्रवाह असे समोरासमोर भिडले की दांड्यावर लाटा आखूड होतात आणि उभ्या राहतात. सकाळी त्याच जागेवरून मजेत बाहेर गेलेली १६ फुटांची होडी दुपारी तिथून आत आणणे हे शिकाऊ माणसाचे काम नाही. अष्टमीला मात्र दुपारी भरती चढत असते आणि वारा तिच्याच दिशेचा असतो. पहिल्या वर्षी मुखाबाहेर जाऊच नये, आणि जायचेच असेल तर भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीचे, दिवस निवडून, तांडेलांना सोबत घेऊन, चढत्या पाण्यावर परतावे. १ जून ते ३१ जुलै या काळात तर यांत्रिक मासेमारीही बंद असते. हौसेच्या होडीने त्या दिवसांत बाहेर जाण्याचा विचारही करू नये.

इंजिनाला लावलेली लाल, पिळाची दोरी आपण मनगटाला किंवा मांडीला अडकवता का, हे पत्रात लिहिलेले नाही. तिला किल कॉर्ड म्हणतात. चालक पाण्यात पडला की ती सुटते आणि इंजिन तत्क्षणी बंद होते. ती नसेल तर मोकळे सुटलेले टिलर, म्हणजे इंजिन वळवण्याचा दांडा, एका बाजूला वळते आणि चालकाविना होडी गोल गोल फिरत पुन्हा त्याच्याच अंगावर येते. दर खेपेला निघण्यापूर्वी इंजिन चालू करून ही दोरी एकदा ओढून पाहा. दुसरे कोणी पडल्यास नाळ त्याच्याच बाजूला वळवा, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून दूर जाईल, आणि तो हाताशी आला की इंजिन पूर्ण बंद करा. न्यूट्रलवर भिस्त ठेवू नका.

रीतसर शिकायचे असेल तर गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम असतात. नोंदणीविषयी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात चौकशी करावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पत्नीच्या फोनमध्येही असू द्या, आणि किती वाजेपर्यंत परतणार हे काठावरच्या कोणाला तरी सांगून निघा.

प्रश्न : मी लहानपणापासून खाडीत पोहते. मला लाइफ जॅकेटची खरोखर गरज आहे का?

उत्तर : आहे. होडीतून पडणारा माणूस स्वतःहून सूर मारत नाही. पडताना काठावर डोके आपटले तर पोहण्याची कला कामी येत नाही. शिवाय रिकामी, हलकी होडी वाऱ्यावर इतक्या झपाट्याने वाहत जाते की चांगल्या पोहणाऱ्यालाही ती गाठता येत नाही. जॅकेट बाकाखाली न ठेवता धक्क्यावरच अंगात घालून सगळे बक्कल लावावेत. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. तो नसलेले जॅकेट पाण्यात मुलाच्या कानांपर्यंत वर सरकते आणि मूल खालून निसटते.