थंडीचं विचारलंत, उजेडाचं सांगते

भाऊ, जानेवारीत बायको आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन तुम्ही नागपूरहून फिनलंडमध्ये, हेलसिंकीला येताय, आणि विचारलंय की उणे पंधरा-वीसमध्ये निभाव कसा लागतो, स्वेटर किती आणावेत. मी मूळची नागपूरच्या धरमपेठेची, इथलं हे नववं वर्ष. थंडीची धास्ती सोडा. घर गरम, बस गरम, ऑफिस गरम. डिसेंबरात पहाटे आपल्याकडच्या गार फरशीवर पाय टेकवताना अंगावर जो काटा येतो, तो इथे घरात कधी आला नाही. जड जातो तो उजेड. त्याबद्दल मला येण्याआधी कुणी चकार शब्द बोललं नव्हतं.

नागपुरात सगळ्यात लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांहून मोठा आणि सगळ्यात मोठा साडेतेराच्या आत. फरक अडीच तासांचा, तोही इतका हळू की कळत नाही. हेलसिंकी ६० अक्षांशावर. डिसेंबरातला दिवस सहा तासांनाही कमी: सूर्य साडेनवाच्या सुमारास उगवतो, सव्वातीनला गेलेला असतो. आणि उगवतो म्हणजे काय, भर दुपारीही क्षितिजापासून सहा-साडेसहा अंशच वर. आपल्याकडे २६ मेच्या सुमारास, ऐन नवतपात म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, दुपारी सावली पायाखाली जाते. इथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य दिसलाच, तर माझी सावली माझ्या नऊपट लांब पडते.

मी आले ऑक्टोबरच्या शेवटी. शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे एका रात्रीत संध्याकाळ लवकर यायला लागली. मग नोव्हेंबर. अजून बर्फ नाही, आभाळ दिवसेंदिवस झाकलेलं, रस्ता काळा, झाडं काळी. फिनिश भाषेत या महिन्याला मार्रासकू म्हणतात, त्यातल्या ‘मार्रास’चं नातं लोक मरणाशी सांगतात. मी दहा-दहा तास झोपत होते आणि उठल्यावर पुन्हा झोप. भात आणि बटाटा सोडून काही खावंसं वाटेना. मला वाटलं आईची आठवण येतेय, नवऱ्याला वाटलं मी त्याच्यावर रुसलेय. हिवाळ्यातल्या या उदासीला वैद्यकात नाव आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर; १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी तिचं वर्णन केलं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीरातलं घड्याळ जुळतं. तो मिळाला नाही की ते मागे पडतं. जास्त झोप आणि पिठूळ खाण्याची ओढ ही तिची ओळखीची लक्षणं. रुसवा नव्हता तर.

गंमत म्हणजे याची उन्हाळी जातही असते: झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते. वाचलं आणि मला आमचं मे महिन्यातलं घर आठवलं. पारा पंचेचाळीसच्या पुढे, लाइट गेलेली, कूलरची ताटी सुकलेली, आणि बाबा पन्ह्यात साखर कमी का म्हणून आईवर खेकसतायत! आपण त्याला ऊन डोक्यात गेलं म्हणायचो, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

पण मूडपेक्षाही मला गोंधळवलं ते काळानं. नागपुरात महिना अंगाला कळतो. होळीच्या आसपास कूलर निघतो, मग गच्चीवर सरगुंडे (काडीवर वळलेल्या कणकेच्या शेवया) आणि कुरड्या, मग मृगाची वाट, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, आणि विधिमंडळ अधिवेशनाच्या गाड्या दिसल्या की हिवाळा. इथे पहिल्या वर्षी यातली एकही खूण नव्हती. नोव्हेंबर ते जानेवारी ही एकच लांबलेली संध्याकाळ वाटली. कोणती गोष्ट कधी घडली, आजही सांगता येत नाही. जून उलटा. दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा, रात्री साडेदहाला मी ‘सात वाजले असतील’ म्हणून कुकर लावलाय. आईला आमची वेळ नागपूरच्या साडेतीन तास मागे असते हे पाठ झालं, तोवर मार्चअखेर ती अडीच तासांवर आली. ती म्हणाली, ‘तुमच्याकडचं घड्याळही थंडीनं आखडतं का गं?’

तुमचा जानेवारी बरा आहे. दिवस तेव्हा वाढायला लागलेला असतो, आणि बर्फ पडला तर रस्त्यावरच्या दिव्याचाही उजेड दुप्पट वाटतो. मार्चमध्ये दिवस रोज साडेपाच मिनिटांनी वाढतो, नागपुरात सव्वा मिनिट; तेव्हा लोकांचे चेहरे बदलताना दिसतील. पुढच्या ऑक्टोबरात मात्र लख्ख उजेडाचा, दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा घ्या. नाव किर्कासवालोलाम्प्पू, म्हणता आलं नाही तरी दुकानात बोट दाखवा. सकाळी चहा पिताना अर्धा तास समोर ठेवायचा, रात्री नाही. डोळ्यांचं किंवा मनाचं काही दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्व तिघांनीही घ्या, हिवाळ्यातलं इथलं ऊन त्या कामाचं नाही. दुपारी बारा ते एक बाहेर पडा, काम बाजूला ठेवून. इथले लोक दोन वर्षांच्या पोरांनाही पावसात खेळायला सोडतात, सुरुवातीला मला ते निर्दयपणाचं वाटायचं. जूनसाठी लेकीच्या खोलीला जाड काळे पडदे, नाहीतर ती रात्री अकराला ‘अजून दिवस आहे ना’ म्हणेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

एक मराठी कॅलेंडर आणा. आमच्या स्वयंपाकघरात दोन आहेत, शेजारी शेजारी. तान्ह्या पोळ्याला मुलगा लाकडी नंदी ओढत खालच्या मजल्यावरच्या आजींकडे जातो, त्या बिस्किट देतात, कशाबद्दल ते त्यांना अजून कळलेलं नाही.

स्वेटरचं राहिलंच. दोन पुरेत. जाड जाकीट आणि बूट इथेच घ्या, सेकंडहँड दुकानात चांगले मिळतात. बॅगेत उरलेल्या जागेत सरगुंडे भरा.