साध्यासुध्या खरेदीची चेष्टा मनाला लागते तेव्हा

"आम्ही सगळेच एकमेकांच्या खरेदीवर हसतो. मीही हसते. मग माझ्या वस्तूवर कुणी काही बोललं की दिवसभर तेच डोक्यात का घोळतं? मी फार हळवी आहे का?"

हा प्रश्न समुपदेशनात वेगवेगळ्या तोंडून येतो. विचारणारे बहुतेक जण आधी "विषय तसा क्षुल्लक आहे" असं म्हणून घेतात. तो क्षुल्लक नाही. आपण काय विकत घेतो यात आपली गरज, आवड आणि खिसा तिन्ही एकदम उघडे पडतात. समोरचे हसले की ते यांतल्या नेमक्या कशाला हसले हे कळत नाही आणि मन सगळ्यात वाईट अर्थ उचलतं.

पुढची हकीकत अशा अनेक अनुभवांतून गुंफलेली आहे. ओळख पटेल असा कुणाचाही तपशील तीत ठेवलेला नाही.

तिशीतल्या, नोकरी करणाऱ्या एक बाई. ऑफिसातल्या सात-आठ जणांचा फोनवर ग्रुप. कुणी बादली घेतली, कुणी चपला, कुणी हेडफोन, की फोटो टाकायचा आणि मग त्यावर टोलेबाजी. बाईंनी आंघोळीचे सहा टॉवेल घेतले होते. जुने विरले होते, पाणी टिपत नव्हते. खरेदी अगदी रास्त होती. फोटोखाली पहिलंच वाक्य आलं, "लॉज काढतेयस की काय?" त्याखाली हसण्याची रांग लागली. बाईंनी लगेच उत्तर दिलं, "हो ना, मला अक्कल कुठाय, दिसलं की उचलते!" मग आणखी हसू.

त्या सांगत होत्या लॉजच्या वाक्याबद्दल. खरं लक्ष द्यायला हवं होतं ते दुसऱ्या वाक्याकडे. पहिल्या वाक्यात चेष्टा टॉवेलांच्या संख्येची होती. ती स्वतःच्या अकलेवर नेली ती बाईंनी, आणि इतरांना पुढच्या वेळी कुठे बोट ठेवायचं ते दाखवून दिलं. त्यानंतरचे टोमणे वाचले तर हे स्पष्ट दिसत होतं. वस्तू बदलत गेल्या, पण सूर एकच होता: "हिला काय, दिसलं की उचलते." वाक्य त्यांचंच, तोंडं दुसऱ्यांची.

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मोजणारी ३२ विधानांची प्रश्नावली मांडली. माणसं जोडणारा विनोद, अडचणीत स्वतःला सावरून धरणारा विनोद, दुसऱ्याला टोचणारा विनोद आणि इतरांची मर्जी राखण्यासाठी स्वतःलाच खाली ओढणारा विनोद. लोक तक्रार घेऊन येतात ती तिसऱ्याची. खरेदीच्या गप्पांत सगळ्यात जास्त नुकसान चौथा करतो, कारण तो नम्रपणासारखा दिसतो आणि त्याला लगेच दाद मिळते.

पुढच्या काही महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. एक टेबललॅम्प घेतला, तो उपयोगी पडत होता, तरी "कुणी विचारलं तर काय सांगू" म्हणून परत केला. काही साध्या वस्तू घेतल्या आणि कुणाला सांगितल्याच नाहीत. आणि एक महागडा स्पीकर घेतला, मुख्यतः ग्रुपमध्ये दाखवता यावा म्हणून. त्याचं कौतुक भरपूर झालं. पुढे तो कपाटावर पडून राहिला. या तिन्ही गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या सांगितल्या, पण त्यांचं मूळ एकच: वस्तू घ्यायची की नाही हे ठरवताना घरात कुणाला काय लागतं यापेक्षा ग्रुपमध्ये काय बोललं जाईल हे आधी मनात यायला लागलं होतं.

अशा वेळी 'मनावर घेऊ नका' या सल्ल्याचा उपयोग होत नाही. आधी नोंद ठेवायची. वहीच्या पानावर सहा रकाने आखायचे: वस्तू, ती का लागली (एका ओळीत), कुणाला सांगितली, आणि पुढचे तीन रकाने समाधानाचे, ० ते १० मध्ये. पहिला आकडा वस्तू घरी आल्यावर, कुणालाही सांगण्याआधी. दुसरा सांगितल्यानंतर त्याच दिवशी. तिसरा वापरून एक आठवडा झाल्यावर. दोन-तीन आठवड्यांतल्या पाच-सहा वस्तू पुरतात, आणि आधीच्या एक-दोन खरेद्या आठवणीतून लिहिल्या तरी चालतात. मोठ्या खरेदीची वाट पाहू नये. साबणाची पेटी, पेन, पायपुसणं यांतच खरं चित्र दिसतं, कारण त्यांत दिखाऊपणाला जागा कमी असते.

यात हमखास चुकतं ते एकच. लोक नव्या वस्तूचेही तिन्ही आकडे एकाच वेळी, शेवटी भरतात. मग ते एकमेकांसारखे होतात आणि नोंद वाया जाते. पहिला आकडा फोटो काढायच्या आधीच लिहायला हवा.

टॉवेलांपुढचे आकडे होते ८, ४, ८. स्पीकरपुढचे ५, ९, ३. बाई बराच वेळ पानाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मधला आकडा वस्तूचा नाहीच." इतकं स्वच्छ चित्र दरवेळी मिळत नाही. पण मधला आकडा इतरांच्या तोंडावर अवलंबून असतो आणि तिसरा वापरावर, हा फरक बहुतेक वह्यांत दिसतो. पुढच्या खरेदीचा निर्णय तिसऱ्या रकान्याकडे बघून घ्यायचा.

चेष्टा इतकी खोल जाते याचं एक कारण वेळेत आहे. खरेदी नुकतीच झालेली असताना मन आधीच थोडं डळमळीत असतं: बरोबर घेतलं ना, दुसरं चांगलं होतं का? जॅक ब्रेम यांनी १९५६ मध्ये घरगुती वापराच्या वस्तू घेऊनच एक प्रयोग केला होता. जवळपास सारख्याच आवडलेल्या दोन वस्तूंतून एक निवडायला लावली की निवडलेली वस्तू लोकांना आधीपेक्षा जास्त आवडू लागली आणि सोडलेली कमी. निवडीला आधार देण्याचं काम मन आपसूक करतं. आपण मात्र खोका उघडताच फोटो टाकतो आणि हे काम पुरं होण्याआधीच लोकांचा कौल मागतो. म्हणून बाईंसाठी पहिला नियम ठरला: सात दिवस वापरल्याशिवाय वस्तू ग्रुपमध्ये दाखवायची नाही. सात दिवसांनी सांगण्यासारखं काहीतरी खरं हाती असतं. "सहा टॉवेल घेतले" यापेक्षा "पातळ टॉवेल घेतलेत, दोन तासांत वाळतात" या वाक्यावर टोमणा मारणं अवघड असतं. त्यावर लोक उलट विचारतात, कुठले घेतले?

खरोखर कुणाचं मत हवं असेल तर ते खरेदीआधी मागावं, एका-दोघांकडे, आणि नेमकं: "माझं टेबल लहान आहे, चिमट्याचा दिवा घेऊ की बैठकीचा?" घेऊन झाल्यावर "कसं आहे?" असं मोघम विचारलं की समोरचा माणूस गमतीशिवाय दुसरं काय करणार?

आता उत्तर कसं द्यायचं. यावर बाईंनी सगळ्यात जास्त मेहनत घेतली. आधी चेष्टा कशाची आहे ते ओळखायचं. वस्तूची ("हा दिवा की भाला?"), प्रसंगाची ("पुन्हा पार्सल?"), निर्णयाची ("तुला कुणीही गंडवतं") की पैशांची ("तुला काय कमी आहे", किंवा "एवढं स्वस्तातलं?"). पहिल्या दोन प्रकारांवर हसून सोडून देता येतं, आणि द्यावं. तिसरा एकदा चालतो. तोच तोच होऊ लागला तर बोलायला हवं. चौथा पहिल्यांदाच थांबवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच ग्रुपमध्ये कुणावर घरचा सगळा भार असतो, कुणावर नसतो. वस्तू महाग असो वा स्वस्त, पैशांवरचा विनोद कुणाला तरी उघडं पाडतोच, आणि बहुधा गप्प बसलेल्या माणसाला.

उत्तर छोटं, वस्तूबद्दल आणि खरं असावं. लॉजच्या वाक्याला पुरेसं उत्तर होतं: "चार माणसं, दोन जादा. हिशोब पक्का आहे." यात हसायला जागा आहे, पण स्वतःला खाली ओढणं नाही. असं चटकन सुचत नाही, म्हणून बाईंनी तीन-चार वाक्यं आधीच तयार ठेवली, 'असं झालं तर असं म्हणायचं' या पद्धतीने. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये अशा आधी ठरवलेल्या जर-तर योजनांचा परिणाम मांडला होता: प्रसंग समोर आला की ठरवलेली कृती जास्त सहज होते. "माझ्या अकलेवर काही आलं, तर मी फक्त वस्तूच्या उपयोगाबद्दल एक वाक्य लिहीन" ही बाईंची पहिली योजना. "स्वतःवर विनोद लिहावासा वाटला, तर दहा मिनिटं फोन बाजूला ठेवीन" ही दुसरी. ती पाळणं त्यांना जास्त जड गेलं, कारण गप्प राहिलं तर 'हिला राग आला' असं वाटेल ही धास्ती होती.

काय करू नये हेही सांगायला हवं. लांबलचक खुलासा देऊ नये. सवलत होती, जुने फाटले होते, बहीण म्हणाली, अशी कारणं एकापुढे एक मांडली की प्रत्येक कारणावर नवा विनोद होतो. दुसऱ्याच्या खरेदीवर उलट वार करू नये. त्याने हिशोब फिटत नाही, ग्रुपची भाषा आणखी कडू होते. आणि तडकाफडकी ग्रुप सोडू नये. मग चर्चा वस्तूची राहत नाही, तुमच्या रागाचीच होते.

ज्यांचं बोलणं वारंवार लागतं त्यांच्याशी एकट्याने बोलावं. सगळ्यांसमोर विषय काढला की त्या माणसाला आपला आब सांभाळायचा असतो, म्हणून तो आणखी एक विनोद करतो. शक्य असेल तर समोरासमोर बोलावं, निदान फोनवर. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला कळेल असं लिहिणाऱ्याला जितक्या खात्रीने वाटतं, तितका तो कळत नाही. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा हसरा आवाज असतो. वाचणाऱ्याला फक्त अक्षरं दिसतात. बाईंचे शब्द असे होते: "अरे, वस्तूंवर हसतोस त्यात मलाही मजा येते. पण 'हिला कुणीही गंडवतं' हे मला लागतं. ते नको म्हणूस." आधी काय चालतं, मग काय लागतं, मग विनंती. 'तुम्ही सगळे नेहमीच' या शब्दांनी सुरुवात केली असती तर तो सहकारी सगळ्यांची बाजू मांडत बसला असता.

तो गडबडला. "मला वाटलं तूच असं म्हणतेस म्हणजे तुला चालतं," असं म्हणाला, आणि ते खरंही होतं. टॉवेलांची गोष्ट तर त्याला आठवतही नव्हती. बाईंना याचं फार नवल वाटलं, पण हे नेहमीचं आहे. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. जवळपास निम्म्यांच्या तो लक्षात आला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या भागाच्या लक्षात आला. आपल्याला जे टोचतं ते इतरांच्या स्मरणात तितकं टिकत नाही.

प्रत्येक जण असा गडबडत नाही. एकदा स्पष्ट सांगूनही कुणी तेच, त्याच जागी, इतरांना जमवून म्हणत राहिलं, तर ती थट्टा राहिलेली नसते. त्या माणसासमोर आपल्या वस्तू, पैसे, घर हे विषय बंद करावेत आणि इतर मैत्री शाबूत ठेवावी. ऑफिसात हे कामावर किंवा मानहानीवर जाऊ लागलं तर मजकूर जपून ठेवून वरिष्ठांशी बोलावं.

आणखी एक गोष्ट तपासावी लागते, आणि बाईंच्या बाबतीतही तपासली. वस्तू लपवणं हे टोमण्यांच्या भीतीने आहे की खरेदीवर ताबा उरला नाही म्हणून? उदास वाटलं की खरेदी, न उघडलेल्या पार्सलांचा ढीग, घरच्यांपासून लपवलेली बिलं, आधीचं फिटलेलं नसताना नवं उधार, आणि थांबायचं ठरवूनही न थांबणं. यातलं बरंच काही जुळत असेल तर ग्रुपमधली चेष्टा हा दुय्यम विषय आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. बाईंचं तसं नव्हतं. त्यांनी लपवलेल्या वस्तू चाळणी, छत्री, मोज्यांचे जोड अशा होत्या, आणि सगळ्या वापरात होत्या.

वही किती दिवस ठेवायची, हे त्यांनी शेवटी विचारलं. पहिला आणि तिसरा आकडा सलग पाच-सहा वस्तूंना साधारण सारखा येऊ लागला की थांबवावी. त्यापुढे लिहीत राहिलं तर प्रत्येक रुमालाची तपासणी सुरू होते. इतरांनी करणं सोडलं ती झडती मग आपणच घेत बसतो. टेबललॅम्प त्यांनी पुन्हा मागवला आणि त्याची नोंद केली नाही.