घरात कुणालाच नाही, मग बाळाला कसं?

प्रश्न: माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. जन्मापासून जरा कुठं घासलं की पाण्याचे फोड येतात, सलाईनची चिकटपट्टी काढली तर सालच निघून आली. डॉक्टर म्हणाले एपिडर्मोलिसिस बुलोसा, आनुवंशिक आहे. पण माहेरी-सासरी कुणालाच नाहीये. सगळे मलाच विचारतात की दिवस असताना काय खाल्लंस. दुसऱ्या मुलालाही होईल का?

उत्तर: ताई, ते खाण्याचं आधी डोक्यातून काढा, त्याचा ह्याच्याशी काहीएक संबंध नाही आणि हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा. कातडीचे वरचे आणि आतले थर काही प्रोटीननी एकमेकांना धरून असतात, टाके घातल्यासारखे. ते प्रोटीन बनवणारा जीन बिघडला की टाका कच्चा राहतो, मग नुसत्या घासण्याने थर सुटतात आणि मधे पाणी भरतं.

आता घरात कुणाला नाही त्याबद्दल. प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईची एक बाबांची. ह्या आजाराच्या काही प्रकारांत एक प्रत खराब असली तरी दुसरी काम भागवते, माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुमच्या दोघांकडेही अशी एकेक असेल आणि बाळाला नेमक्या त्याच दोन्ही मिळाल्या असतील तर पुढच्या प्रत्येक वेळी धोका २५ टक्के, प्रत्येक वेळी नव्याने, पहिल्याला झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं हो. पण सिम्प्लेक्स नावाच्या प्रकारात बहुतेकदा केराटिन ५ किंवा १४ ह्या कातडीतल्या प्रोटीनचा जीन बिघडलेला असतो, तिथे आजार व्हायला एकच खराब प्रत पुरते आणि कधीकधी तो बिघाड बाळातच पहिल्यांदा झालेला असतो, तेव्हा पुढचा धोका खूपच कमी. म्हणून आकडा अंदाजाने कुणाकडूनच घेऊ नका. बाळाची जेनेटिक टेस्ट करा, बिघाड सापडला की तोच तुम्हा दोघांच्या रक्तात बघायचा, दोघांच्या म्हणजे दोघांच्या, एकट्या तुमच्या नाही. तो कळला तर पुढच्या वेळी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊनही तपासता येतं.

टेस्टचा रिपोर्ट जपून ठेवा, प्रकार कुठला ते त्यात असतं आणि औषधही त्यावरच ठरतं. जसं, डिस्ट्रॉफिक नावाच्या प्रकारात कोलॅजन ७ ह्या थर धरून ठेवणाऱ्या प्रोटीनचा जीन बिघडतो, त्याची चांगली प्रत जखमेवर जेलमधून देणारं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालंय.

तोवर बाळाला काखेत धरून उचलू नका, एक हात बुडाखाली एक मानेमागे. झबली उलटी घाला, शिवण बाहेर राहू दे. आणि चिकटपट्टी कुठेच नको, दवाखान्यात गेलात की हे सगळ्यात आधी सांगायचं.