काजूची टरफले, घाट आणि वाफेचा ट्रक

रत्नागिरी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि आराखडा मिळाला. देवगडचा आंबा करूळ घाटाने कोल्हापुरास नेणारा, काजूच्या टरफलांवर चालणारा वाफेचा लहान ट्रक, ही कल्पना आपल्या मुलखातली आहे म्हणून मला आवडली. तथापि असा ट्रक आज व्यवहारात टिकेल असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण तू मानतोस तसे बॉयलर तापायला लागणाऱ्या वेळात नाही.

वेळेचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच बऱ्याच अंशी सुटला होता. १९२०च्या दशकात अमेरिकेत ॲब्नर डोबल यांनी अखंड नळीचा बॉयलर, विजेवर पेटणारा बर्नर आणि कंडेन्सर (वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणारा भाग) असलेली वाफेची मोटार बनवली. ती थंड असली तरी एक-दीड मिनिटात निघे आणि सुमारे ९० लिटर पाण्यावर २,४०० किलोमीटर जाते असा तिचा लौकिक होता. वेगाचेही अडत नव्हते, कारण स्टॅन्ली कंपनीच्या शर्यतीच्या वाफेच्या गाडीने १९०६ मध्येच ताशी २०० किलोमीटरचा वेग ओलांडला होता. पण डोबलची गाडी अतोनात महाग होती, तिच्या पन्नासही प्रती निघाल्या नाहीत, आणि तोवर १९१२ पासून आलेल्या विजेच्या स्टार्टरने पेट्रोल गाडीला हँडल मारण्याचा जाच संपवला होता.

खरी अडचण कंडेन्सरची आहे, आणि तुझ्या आराखड्यात नेमका तोच एका कोपऱ्यात लहानसा चौकोन काढून उरकला आहे. शंभर अंशांवरची एक किलो वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. चांगले लहान वाफयंत्र एक युनिट कामासाठी साधारण १० किलो वाफ खाते असे धरले, तर घाट चढताना लागणाऱ्या ४० किलोवॉट शक्तीसाठी तुला तासाला ४०० किलो वाफ थंड करावी लागेल, म्हणजे सतत सुमारे २५० किलोवॉट उष्णता हवेत सोडावी लागेल. तेवढ्याच शक्तीच्या डिझेल इंजिनाच्या रेडिएटरवर साधारण ३० किलोवॉटचा भार येतो, कारण त्याची उरलेली बरीचशी उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. त्यात एप्रिल-मे महिन्यात हवा आधीच ३५ अंशांची आणि घाटातला वेग बैलगाडीहून थोडाच अधिक. म्हणजे वाऱ्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो सर्वांत कमी मिळणार. मुंबईहून कोकणच्या बंदरांना येणाऱ्या आगबोटींना कंडेन्सर थंड करायला अख्खा समुद्र होता. ट्रकला पंखा आहे, आणि तो फिरवायलाही शक्ती लागते.

कंडेन्सर वगळून वाफ हवेत सोडायची म्हटले, तर हिशोब पाण्यापाशी येतो. लहान डिझेल ट्रक १०० किलोमीटरला १२ ते १३ लिटर डिझेल घेतो असे समज. त्याची कार्यक्षमता ३५ टक्के आणि तुझ्या यंत्राची १० टक्के धरली (फार कष्ट घेतलेस तर १५), तर तेवढ्याच कामासाठी ८० ते १०० किलो टरफले किंवा सुके लाकूड आणि ४०० लिटरहून अधिक पाणी लागेल. आंब्याच्या पेट्यांची जागा यातच गेली. शिवाय वाटेत मिळेल ते पाणी बॉयलरला चालत नाही. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी नळ्यांमध्ये खार धरते. टरफलांमधील तेलाचा धूर किती झोंबतो, हे काजू कारखान्याशेजारी राहणाऱ्या कोणालाही विचार.

वाफेचे जे गुण तू भरभरून लिहिले आहेस, म्हणजे थांबलेल्या अवस्थेतूनच मिळणारा पूर्ण टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर), गिअरबॉक्स आणि क्लचपासून सुटका, चढणीवरचा शांतपणा, ते सर्व खरे आहेत. मात्र ते सर्व आता विजेच्या मोटारीतही आहेत. वर ती घाट उतरताना थोडी वीज बॅटरीत परत भरते. हे वाफेला जमत नाही. म्हणून तीच टरफले चालत्या गाडीत जाळण्यापेक्षा एका जागी मोठ्या बॉयलरखाली जाळून वीज करणे आणि त्या विजेवर गाडी चालवणे अधिक फायद्याचे पडते. त्याहूनही चांगले म्हणजे जिथे उष्णताच हवी आहे तिथे ती वापरणे: काजू बी फोडण्यापूर्वी वाफवतात, तिथे बॉयलर इंधनातील सत्तर-पंचाहत्तर टक्के उष्णता कामी लावू शकतो.

वाफ तुला मनापासून आवडते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तिचा नाद सोड असे मी म्हणणार नाही. बॉयलर अटेंडंटची परीक्षा दे आणि एखाद्या काजू कारखान्यात एक हंगाम काढ. पाण्याची पातळी, फीड पंप आणि सुरक्षा झडप यांची सवय हाताला तिथेच लागेल. वाया जाणाऱ्या उष्णतेचाही अभ्यास कर. अंजनवेलच्या वायू-वीज प्रकल्पात गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ करून आणखी वीज काढण्याची व्यवस्था आहे, आणि मोटारीच्या सायलेन्सरवर तसाच प्रयोग करून बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये इंधनात १५ टक्के बचतीचा दावा केला होता. तो विक्रीच्या गाडीत उतरला नाही, परंतु रस्त्यावर वाफेला काही वाव उरला असेल तर तो मला याच दिशेला दिसतो.

प्रयोगासाठी नळीचा बॉयलर करायचाच असेल तर २५ लिटरहून लहान कर, कारण बॉयलर कायद्याची व्याख्या त्यापुढे लागू होते. कायद्याची सूट मिळाली म्हणून दाबाची सूट मिळत नाही. पहिली चाचणी थंड पाण्याच्या दाबावर, कामाच्या दाबाच्या दीडपट, आणि सुरक्षा झडप बसवल्याशिवाय खाली जाळ नको. त्याआधी मात्र कंडेन्सरच्या नळ्यांचे क्षेत्रफळ ३५ अंशांच्या हवेसाठी मोजून मला पाठव. तो आकडा ट्रकच्या टपावर मावतो का, ते आपण मग पाहू.

कळावे,
तुझा शुभचिंतक