दोन तुकड्यांचा पूल क्यू (पूल या टेबलावरच्या खेळाची काठी) लोकल आणि बाईकवरून नेतो, सॉफ्ट केस घेऊ की हार्ड?

हार्डच घ्या, गर्दीत सॉफ्ट केसचा काही उपयोग नाही. सॉफ्टमध्ये नुसता कापड नि फोमचा थर असतो, त्याने ओरखडे वाचतात पण कोणी रेलून उभं राहिलं की सगळा जोर शाफ्टवर, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक तुकड्यावर येतो आणि शाफ्ट टिपजवळ (बॉलला लागणाऱ्या टोकाजवळ) जेमतेम 12-13 मिमी जाड, मेपलचं लाकूड आहे शेवटी. हार्ड केसमध्ये आत प्रत्येक तुकड्याला वेगळी नळी किंवा कप्पा असतो का ते बघा, तुकडे एकमेकांवर आपटायला नकोत. केस हातात घेऊन हलवून बघायची, आत खडखडलं तर सोडून द्या, किती का स्वस्त असेना.

साइजमध्ये 1×1, 1×2, 2×2 असं लिहिलेलं असतं, त्यात पहिला आकडा किती बट (मागचे जाड तुकडे) मावतात त्याचा आणि दुसरा किती शाफ्ट मावतात त्याचा. पुढेमागे ब्रेकसाठी (डाव सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी) वेगळा क्यू घ्यायचा विचार असेल तर आत्ताच 2×2 घ्या, नाहीतर दोनदा खर्च. बाईकसाठी खांद्याचा पट्टा मस्ट, आणि पावसाळ्यात चेनवर फ्लॅप असलेली बरी, कारण पाणी शिरतं ते चेनमधूनच.

फक्त एक, हे मधोमध जॉइंट असलेल्या 58 इंची क्यूबद्दल झालं, त्याचे तुकडे साधारण 29-29 इंचांचे. स्नूकरचा थ्री-क्वार्टर क्यू (जॉइंट मधोमध नसून मागच्या बाजूला असलेला) असेल तर लांब तुकडा 40 इंचांच्या वर जातो, तो पूलच्या केसमध्ये बसणारच नाही. आणि उन्हात उभ्या गाडीत केस ठेवू नका, गरम होऊन लाकूड वाकतं, तिथे हार्ड केसही काही करू शकत नाही.