बेटावर जाण्यापूर्वी : अंदमानविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की महाराष्ट्रातून अंदमानला जाणाऱ्यांची रीघ लागते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही अंदमानचे प्रश्न वाढतात. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे तिथे राहिलो असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे असून सावरकरांची कोठडी पाहावी, ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. काही वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. आईचे गुडघे दुखतात. डिसेंबरात सहा दिवसांची सहल ठरवली आहे. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, नंतर हॅवलॉक आणि नील ही बेटे, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी बोटीने पोर्ट ब्लेअर, असा कार्यक्रम आहे. यात काही धोका आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आहे, आणि तो शेवटच्या संध्याकाळी आहे. हॅवलॉकहून विमानतळाकडे यायला समुद्राशिवाय रस्ता नाही, आणि समुद्र खवळला की बोटी बंद होतात. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे ‘वरदा’ नावाने ओळखल्या गेलेल्या चक्रीवादळाच्या सुरुवातीच्या काळात, हॅवलॉक आणि नील येथे हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकून पडले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाला जहाजे पाठवावी लागली होती. बोटी बंद ठेवण्याचा निर्णय योग्यच असतो. पण तुमचे विमान त्यासाठी थांबत नाही. म्हणून आपण सहलीचा क्रम उलटा करावा. आधी बाहेरची बेटे उरकून घ्यावीत आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला ठेवाव्यात. जेल तिथेच आहे, ते शेवटी पाहिले तरी चालते.

वडिलांच्या प्रकृतीचा विचार मात्र यापेक्षा गांभीर्याने करायला हवा. मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे; हॅवलॉकसारख्या बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरचे उपचार मिळतात. रात्री नऊ वाजता छातीत दुखू लागले, तर साताऱ्यात आपण रिक्षा किंवा गाडी काढून अर्ध्या तासात डॉक्टरांसमोर असता. तिथे जलद बोटीचाही प्रवास दीड-दोन तासांचा आहे, प्रवासी बोटी दिवसाच चालतात आणि हेलिकॉप्टर हवामानावर अवलंबून असते. पोर्ट ब्लेअरला पोहोचूनही एखाद्या गुंतागुंतीच्या आजारासाठी रुग्णाला चेन्नई किंवा कोलकात्याला हलवावे लागते, म्हणजे आणखी दोन तासांचे विमान. तेव्हा निघण्यापूर्वी वडिलांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून ‘बेटावर जाणार आहोत’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे, नुसते ‘फिरायला जाणार आहोत’ असे सांगू नये. औषधे ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट घ्यावीत आणि ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. जुने रिपोर्टही सोबत असावेत.

माझे मत विचाराल तर दोन्ही बेटांचा हट्ट धरू नये. आईच्या गुडघ्यांना खरा त्रास बोटीत होणार नाही, तो जेटीवर होईल; कारण भरती-ओहोटीप्रमाणे बोट वर-खाली होत असते, मधली फळी हलत असते आणि मागून लोक ढकलत असतात. खलाशी हात देतात, तो संकोच न करता घ्यावा. बोट लागण्याची सवय असेल तर गोळी बोटीत बसल्यावर न घेता आधीच, डॉक्टरांना विचारून घ्यावी. जेलमध्ये सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, आणि तिथपर्यंत जिने चढावे लागतात. ४ जुलै १९११ पासून १९२१ पर्यंत ते या तुरुंगात होते. ती अरुंद खोली आणि समोरच्या इमारतीची पाठ आपल्या डोळ्यांनी पाहणे हाच जर वडिलांच्या प्रवासाचा हेतू असेल, तर त्यांची सगळी शक्ती त्या सकाळसाठी राखून ठेवावी. आई खाली अंगणात बसू शकतील.

तिकिटांवर हॅवलॉकऐवजी स्वराज द्वीप, नीलऐवजी शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरऐवजी श्री विजयपुरम ही नवी नावे दिसल्यास गोंधळून जाऊ नये. ठिकाणे तीच आहेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र स्कूबा डायव्हिंगसाठी जाणार आहोत. तिथे मगरी असतात असे ऐकले. एजंट म्हणतो, ‘काही नाही, बिनधास्त या.’ खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मगरी आहेत. खाऱ्या पाण्यातील मगर ही अंदमानची मूळ रहिवासी आहे. खारफुटी आणि खाड्या ही तिची घरे आहेत, आणि ती समुद्रातूनही लांब अंतर पोहून जाते. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, आणि हा किनारा देशातल्या सुंदर किनाऱ्यांत गणला जाणारा आहे. त्यानंतर सूचनाफलक लागले आणि काही किनाऱ्यांवर पोहण्याची जागा जाळीने बंदिस्त करण्यात आली. फलक असेल तिथे पाण्यात उतरू नये; खाडीच्या मुखाशी, खारफुटीलगत आणि अंधार पडताना तर मुळीच उतरू नये. तिथे सूर्य आपल्याकडच्यापेक्षा बराच लवकर मावळतो. थंडीच्या दिवसांत पाच-सव्वापाचलाच संध्याकाळ होते, हे मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लक्षात राहत नाही.

तरीही मला मगरीपेक्षा पाण्याच्या ओढीची अधिक धास्ती वाटते. किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह वरून शांत दिसतो, उलट तिथे लाटा कमी फुटतात म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडू नये. दम संपतो आणि माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग वळावे, तेही जमत नसेल तर नुसते तरंगत राहून हात वर करावा.

डायव्हिंगपूर्वी एक आरोग्यविषयक अर्ज भरून घेतात. त्यात दमा, कानाचा आजार, फिट येणे यांपैकी काही लपवू नये. मित्रांसमोर कमीपणा वाटतो म्हणून ‘नाही’वर खूण करणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांची मला मनापासून काळजी वाटते. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसू नये. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी होताच त्याचे बुडबुडे होऊन सांध्यांपासून मज्जारज्जूपर्यंत इजा होऊ शकते. म्हणजे इथेही शेवटचा दिवस मोकळाच हवा.

राहता राहिली बोट. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट बुडून वीसहून अधिक माणसे गेली. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक प्रवासी तिच्यात होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या स्पीड बोटीची धडक बसली, तेव्हा शंभराहून अधिक प्रवासी बोटीत होते. धडक कोणाच्या चुकीने होते हे प्रवाशाच्या हाती नसते. अंगात लाइफ जॅकेट आहे की नाही, हे त्याच्या हाती असते. जॅकेट नुसते मांडीवर ठेवू नये. पट्टे ओढून पाहावेत, बक्कल तुटके असेल तर दुसरे मागावे, आणि बोट भरून माणसे दाटीने उभी राहिलेली दिसली तर पैसे बुडाले तरी चालतील, पण त्या फेरीला जाऊ नये.

प्रश्न : माझ्या यजमानांची बदली अंदमानच्या उत्तर भागात मायाबंदरला झाली आहे, तीन वर्षांसाठी. मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, ‘त्सुनामीच्या जागी लेकराला नेऊ नकोस.’ मी जावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ताई, सासूबाईंची भीती निराधार नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने अंदमान-निकोबारमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. सर्वाधिक हानी दक्षिणेकडील निकोबारमध्ये झाली. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावरच कुटुंबीयांसह शंभरावर जीव गेले, आणि देशाच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची, जमीन चार मीटरहून अधिक खचून दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. उत्तर अंदमानात मात्र उलट घडले. तिथे जमीन उचलली गेली आणि प्रवाळ उघडे पडून मेले. त्या पट्ट्यात पुन्हा मोठा भूकंप होणार नाही, असे कोणीही सांगू शकत नाही. हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचा इशारा दिला जातो, पण भूकंपाचे केंद्र जवळ असेल तर लाट काही मिनिटांत येते. म्हणून नियम साधा आहे : उभे राहता येणार नाही इतका किंवा बराच वेळ चालणारा धक्का बसला, की भोंग्याची, फोनची, यजमानांची वाट न पाहता मुलीला उचलून उंचावर जायचे आणि काही तास खाली यायचे नाही. घर निवडताना भाडे आणि शेजार पाहण्याआधी टेकडी किती दूर आहे ते पाहावे, आणि मुलीचा हात धरून ती वाट दोन-तीन वेळा चालून यावे.

रोजचे जगणे मात्र त्सुनामीने ठरत नाही, ते जहाजाने ठरते. कांदे, बटाटे, डाळी, औषधे, गॅस हे सारे चेन्नई-कोलकात्याकडून समुद्रमार्गे पोर्ट ब्लेअरला येते आणि तिथून पुढे तुमच्यापर्यंत. पोर्ट ब्लेअर ते मायाबंदर हे रस्त्याचे अंतर २४० किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्यासाठी अख्खा दिवस धरावा लागतो. हवामान बिघडले की बाजारात टोमॅटो दिसत नाही आणि दिसला तर घेववत नाही. मग माणूस मासे, नारळ, पपई आणि परसातल्या भाजीवर राहायला शिकतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याची टंचाई होते, कारण पाणी साठवायला मोठ्या नद्या किंवा तलाव नाहीत. घरोघरी निळे ड्रम भरून ठेवलेले असतात. वीज बव्हंशी डिझेलवर चालते. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, पण त्याच्या भरवशावर मुलीच्या आजारपणाचा सल्ला ठेवू नये. ताप आला की त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासावे, मच्छरदाणी सोडू नये, आणि पुन्हा दिवस राहिले तर शेवटचे दोन-तीन महिने नागपूरला काढण्याचे आधीच ठरवावे.

सगळ्यांत जड जाणारी गोष्ट वेगळीच आहे. माहेरी कोणी अचानक गेले, तर तुम्ही अंत्यदर्शनाला पोहोचणार नाही. मायाबंदरहून पोर्ट ब्लेअर, तिथून विमान, मग पुढचे विमान, यात दोन दिवस सहज जातात. हे आई-वडिलांशी आणि भावाशी निघण्यापूर्वी बोलून घ्यावे. बोलायला कठीण आहे, पण न बोलता गेलेल्या बायका पुढे कित्येक वर्षे मनाला लावून घेतात.

एवढे सांगूनही माझे उत्तर ‘जावे’ असेच आहे. यजमानांनी आधी जाऊन घर, पाणी, डॉक्टर यांची व्यवस्था लावावी आणि पावसाळा ओसरल्यावर तुम्ही दोघींनी जावे. तिथे हिंदी सर्वत्र चालते. मायाबंदरच्या आसपास पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे आहेत, १९२५ पासून वसलेले ब्रह्मदेशातील करेन लोक आहेत, रांचीकडून मजुरीला आलेल्यांची पुढची पिढी आहे. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी सारे सोडून आलेले असते, त्यामुळे नव्या माणसाला काय लागते ते त्यांना विचारावे लागत नाही.

प्रश्न : बाराटांग बेटाला जाताना जारवा आदिवासी दिसतात असे कळले. मुलांना दाखवण्यासाठी काही खाऊ नेला तर चालेल का? सेंटिनेल बेटाजवळून जाणारी बोट मिळते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही प्रश्नांना ‘नाही’. उत्तर सेंटिनेल हे बाहेरच्यांशी संपर्क टाळणाऱ्या आदिवासींचे बेट आहे आणि त्याभोवती पाच सागरी मैलांपर्यंत जाण्यास बंदी आहे. २०१८ मध्ये ती मोडून गेलेल्या एका अमेरिकन तरुणाचा तिथे मृत्यू झाला. बंदी जितकी आपल्या रक्षणासाठी आहे, त्याहून अधिक तिथल्या आदिवासींच्या रक्षणासाठी आहे. शतकानुशतके बाहेरच्या जगापासून दूर राहिलेल्या या समाजांकडे आपल्या साध्या आजारांशी लढण्याची ताकद नसते. जारवा १९९७-९८ च्या सुमारास जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. १८५८ मध्ये ब्रिटिशांनी वसाहत केली तेव्हा काही हजार असलेले ग्रेट अंदमानी जमातीचे लोक आज जेमतेम पन्नासच्या आसपास उरले आहेत.

बाराटांगचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो आणि वाहने ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडली जातात. त्या पट्ट्यात गाडी थांबवणे, छायाचित्रे घेणे, खायला देणे हा आदिवासींच्या संरक्षणासाठीच्या १९५६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. काचा बंद ठेवाव्यात, मोबाइल पिशवीत ठेवावेत आणि मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे की आपण चुनखडीच्या गुहा पाहायला चाललो आहोत, माणसे पाहायला नाही. चालक पैसे घेऊन ‘दाखवतो’ म्हणाला तर ताफा सुटतो त्या जिरकाटांगच्या नाक्यावर पोलिसांना त्याच वेळी सांगावे.