चार महिने समुद्रावर: मन रमवायचं कशात?

दर जानेवारीत साउदॅम्प्टन, मायामी, लॉस एंजेलिस अशा बंदरांतून जगप्रदक्षिणेच्या बोटी सुटतात. बहुतेक सफरी 100 ते 130 दिवसांच्या असतात. 10 डिसेंबर 2023 ला मायामीहून निघालेल्या ‘सेरेनेड ऑफ द सीज’ची सफर तर 274 रात्रींची होती. तिकिटांची माहिती सगळीकडे मिळते. आमच्याकडे आलेल्या पत्रांचा रोख मात्र एकच आहे: इतके दिवस बोटीवर करायचं काय? त्यातली ही निवडक पत्रं.

आम्ही दोघं निवृत्त आहोत. जानेवारीत साउदॅम्प्टनहून पश्चिमेकडे निघणारी 110 दिवसांची सफर ठरवली आहे. वेळापत्रकात निम्म्याच्या आसपास दिवस नुसता समुद्र आहे. ह्यांना घरी एक रविवारसुद्धा जड जातो. कसं निभावणार? — एक वाचक, नाशिक

वेळापत्रक आधीच नीट पाहिलंत हे फार बरं केलंत. लॉस एंजेलिस ते होनोलुलू हे अंतर सुमारे 2200 समुद्री मैल आहे. बोट ताशी 20 समुद्री मैल वेगानं गेली तरी साडेचार दिवस लागतात, आणि तिथून दक्षिणेकडच्या ताहिती बेटाला आणखी पाच. या काळात जमीन दिसत नाही. पहिला आठवडा नवलाईत निघून जातो. खरा कंटाळा येतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेवणाचा मेनू फिरून तोच यायला लागला की.

बोटीवर कार्यक्रमांना तोटा नसतो. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं पत्रक केबिनमध्ये किंवा बोटीच्या अ‍ॅपवर येतं: व्याख्यानं, ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा वर्ग, जलरंग, बॉलरूम नाच, विणकामाचा गट, प्रवाशांचा गायनवृंद. लोक सुरुवातीला सगळीकडे हजेरी लावतात, दमतात आणि मग सगळंच सोडून आरामखुर्ची धरतात. तुम्ही प्रत्येकी दोनच गोष्टी धरा, पण अगदी पहिल्या समुद्रदिवसापासून. ब्रिज, नाच आणि गायनवृंद पायरीपायरीनं शिकवतात. दहाव्या दिवशी गेलात तर धडे पुढे गेलेले असतात आणि ब्रिजच्या टेबलावर जोड्या ठरलेल्या असतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरून एक काम घेऊन जा. ते संपायला तीन महिने लागावेत आणि संपल्यावर हातात काही राहावं. नातवंडासाठी दुपट्याच्या मापाची गोधडी हे उत्तम काम आहे. साडीचे तुकडे घरीच कापून, थर टाचून न्या, म्हणजे बोटीवर फक्त धावदोरा घालायचा राहतो. कात्री चार इंचांहून लहान पात्याची घ्या आणि विमानात ती चेक-इनच्या बॅगेत टाका. ह्यांच्यासाठी घरातले जुने फोटो स्कॅन करून लॅपटॉपवर घ्या. समुद्राच्या दर दिवशी दहा फोटोंना नाव, साल, ठिकाण लिहिलं तरी पन्नास दिवसांत पाचशे फोटो मार्गी लागतात. कामाची जागा आणि वेळ ठरलेली हवी: न्याहारीनंतर दीड तास, लायब्ररीतलं खिडकीजवळचं टेबल. ‘जमेल तेव्हा’ म्हणून ठेवलेली पिशवी शेवटपर्यंत कपाटातच राहते.

आता रात्रीचं. पश्चिमेकडच्या सफरीत एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे आकाश. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश उंच, तितका आपला अक्षांश. हात सरळ पुढे ताणला की बंद मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, असं मोजत जायचं. साउदॅम्प्टनला ध्रुवतारा पाच मुठींवर असतो, नाशिकला दोन मुठींवर. बोट दक्षिणेकडे सरकते तसा तो खाली उतरतो आणि विषुववृत्ताच्या अलीकडेच क्षितिजावरच्या धुरकटात हरवतो. मग दुसऱ्या बाजूनं त्रिशंकू हा तारकासमूह वर चढतो, अगस्त्याचा तारा आपल्याकडे कधी दिसत नाही इतका उंच येतो, आणि मॅगेलनचे ढग हे दोन फिकट पुंजके दिसायला लागतात. ह्यांना एक वही द्या. तारीख, मुठी, आणि केबिनच्या टीव्हीवरच्या नकाशात दाखवतात तो अक्षांश, असे तीन रकाने. आपला अंदाज दोन-तीन अंशांत यायला लागला की रात्र कधी होते याची वाट पाहिली जाते. जागा मात्र शोधावी लागते, कारण बहुतेक डेक लख्ख उजळलेले असतात. नाकाडाच्या बाजूचा वरचा डेक बघा. कप्तान बोट चालवतो त्या खोलीतून समोरचं दिसावं म्हणून तिथे दिवे कमी ठेवतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, तोवर मोबाइल बाहेर काढायचा नाही. दुर्बीण नेणार असाल तर 7×50 किंवा 8×42 घ्या. त्याहून जास्त वर्धनाची दुर्बीण हलत्या बोटीवर स्थिर राहत नाही.

पश्चिमेकडे जाताय हेही चांगलं. अधूनमधून रात्री घड्याळ एक तास मागे होतं, म्हणजे तो दिवस 25 तासांचा होतो आणि झोप पुरते. पूर्वेकडे जाणाऱ्यांचे दिवस 23 तासांचे होतात आणि तीन-चार दिवस ओळीनं तसे आले की माणूस चिडचिडा होतो. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषेवर कॅलेंडरमधला एक अख्खा दिवस गळेल. त्या दिवशी कुणाचा वाढदिवस नाही ना, ते आताच बघून ठेवा.

180 चौरस फुटांच्या केबिनमध्ये नवरा-बायको चार महिने राहणार. भांडणं होतील का? — एक वाचक, पुणे

पसारा झाला की होतात. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक त्यांना घट्ट चिकटतात. आठ-दहा न्या: टोप्या, ओळखपत्रं, ओले पंचे, पत्रकं सगळं भिंतीवर जातं. रिकाम्या सुटकेसेस पलंगाखाली सरकवा. कपडे दहा-बारा दिवसांचेच घ्या, कारण बऱ्याच लांब सफरींच्या बोटींवर धुण्याची यंत्रं असलेली खोली असते. समुद्रदिवशी सकाळी तिथे रांग लागते. बंदराच्या दिवशी, लोक उतरून गेल्यावर जा. स्वतःची इस्त्री नेऊ नका, ती चढतानाच काढून घेतात. आणि दिवसातले निदान तीन तास दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी घालवायचे हे निघण्यापूर्वीच बोलून ठेवा. बोटीवर गेल्यावर सुचवलं तर ते रागानं म्हटल्यासारखं वाटतं.

बोट लागते. काय करावं? — एक वाचक, डोंबिवली

केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी बसतात. गोळी त्रास सुरू होण्याच्या तासभर आधी घ्यायची, कारण उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर कोणती गोळी चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं आणि आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्या. मान खाली घालून वाचण्यापेक्षा डेकवर क्षितिजाकडे बघत बसा. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. महिनाभर पास्ता आणि सॅलड खाऊन जीव विटेल अशी भीती वाटते. — एक वाचक, कोल्हापूर

बुकिंग करतानाच शाकाहार लेखी कळवा, आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटा. पद्धत अशी आहे की आज रात्री जेवताना उद्याचं सांगून ठेवायचं. वरण-भात, साधी भाजी, पोळीसारखं काही स्वयंपाकघराला आदल्या दिवशी कळलं तर जमतं. ऐन गर्दीत मागितलं तर मिळत नाही. कितीतरी बोटींवर भारतीय कर्मचारी असतात, त्यात गोव्याची मंडळी पुष्कळ. त्यांच्याशी दोन शब्द आपल्या भाषेत बोललात तर जेवणाची चव बदलते. सोबत मेतकूट, सुकी लसणाची चटणी, भाजके पोहे सीलबंद पाकिटांत न्या. विजेची किटली, राइस कुकर, पाणी तापवायचा रॉड यांवर बंदी असते. उकळतं पाणी बुफेच्या यंत्रातून मिळतं.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मात्र खाण्याचं काहीही खाली उतरवू नका, न्याहारीच्या टेबलावरून उचललेलं सफरचंदसुद्धा नाही. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या फळाला जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. बुटांच्या तळव्यांना चिकटलेली मातीही आदल्या रात्री धुऊन काढा.

मी 64 वर्षांची, एकटी जाणार आहे. इंग्रजी कामापुरतं येतं. ओळखी होतील का? — एक वाचक, बडोदा

होतील, पण पहिल्या तीन दिवसांत थोडं धिटाईनं वागावं लागेल. रात्रीच्या जेवणाला ‘कधीही या’ हा पर्याय न घेता ठरलेली वेळ आणि आठ जणांचं मोठं टेबल मागा. तीच माणसं रोज भेटली की तोडकं इंग्रजीही सुटत जातं. टेबल पटलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बदलून मागता येतं, त्यात कुणालाही वाईट वाटत नाही. मागताना एक गोष्ट आवर्जून सांगा: ‘पूर्ण सफर करणाऱ्यांच्या टेबलावर द्या.’ या सफरी तुकड्यांतही विकल्या जातात, त्यामुळे सिडनी किंवा सिंगापूरसारख्या मोठ्या बंदरात शेकडो लोक उतरतात आणि नवे चढतात. सहा आठवड्यांची मैत्रीण एका सकाळी बॅग घेऊन निघून जाते, ते मनाला फार लागतं. त्या दिवशी केबिनमध्ये बसू नका. नव्यांनाही ओळखी हव्याच असतात आणि तोवर तुम्ही जुन्या झालेल्या असता. त्यांना वाटा दाखवायला तुमचीच मदत लागते.

भाषेचा संकोच वाटत असेल तर हातानं करायच्या गोष्टींकडे जा. विणकामाच्या गटात सुई आणि टाके दाखवून निम्मं बोलणं होतं. लायब्ररीजवळ बहुधा हजार तुकड्यांचं कोडं मांडलेलं असतं. येता-जाता चार तुकडे लावत गेलात की शेजारचा माणूस आपणहून बोलतो.

संकष्टीचा चंद्रोदय बोटीवर कसा कळणार? आणि केबिनमध्ये निरांजन लावता येतं का? — एक वाचक, सोलापूर

निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीही लावता येत नाही. धुराचा अलार्म वाजला तर ती गंभीर बाब धरतात. बॅटरीवरचा दिवा न्या.

चंद्रोदयाला आपलं पंचांग पॅसिफिकमध्ये कामाचं नाही, त्यातल्या वेळा आपल्याकडच्या गावांच्या असतात. तिथी जगभर एकाच क्षणी संपते, पण घड्याळं निरनिराळी. हवाई बेटं आपल्या साडेपंधरा तास मागे आहेत. आपल्याकडे ज्या तारखेला संकष्टी, त्या तारखेच्या रात्री तिथे चंद्र उगवेपर्यंत चतुर्थी संपून गेलेली असू शकते. मग उपवास आदल्या तारखेला येतो. म्हणून पंचांगातली चतुर्थीच्या आरंभाची आणि समाप्तीची वेळ लिहून घ्या आणि बोटीच्या घड्याळात बदलून ठेवा. चंद्रोदयासाठी इंटरनेटशिवाय चालणारं आकाशनकाशाचं अ‍ॅप घरूनच उतरवून घ्या आणि त्या दिवशीचा अक्षांश-रेखांश त्यात भरा. मग पूर्वेकडच्या डेकवर उभं राहा. समुद्रावर मध्ये काही आड येत नाही, ढग नसले तर चंद्र पाण्यातून वर येताना दिसतो.

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी ठाण्यात. रोज बोलणं होईल ना? — एक वाचक, ठाणे

बोटीवर उपग्रहावरून वाय-फाय मिळतं. पण चढताक्षणी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन त्याला आपोआप जोडला जातो, आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. बिल पाहून धक्का बसतो. व्हिडिओ कॉल आठवड्यातून दोनदा पुरे. रोज केलात तर घड्याळं बदलत राहिल्यामुळे सगळेच अर्धवट झोपेत बोलतात, आणि मन घराकडेच लागून राहतं.

बँकेचा ओटीपी भर समुद्रात येईलच याचा भरवसा नाही. वीज, गॅस, विम्याचे हप्ते, सोसायटीची देणी जानेवारीपूर्वीच ऑटो-पेवर लावा. सफरीत 31 मार्च येतो, तेव्हा कर वाचवण्यासाठीची गुंतवणूक आधीच उरका. सिमचं रिचार्ज परतण्याच्या तारखेच्या पुढे महिनाभर जाईल इतकं करा, नाहीतर नंबरच बंद होतो.

औषधं आणि विम्याचं काय? — एक वाचक, सातारा

सफरीचे दिवस अधिक तीस, इतकी औषधं घ्या आणि दोन बॅगांत अर्धी-अर्धी वाटा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही हवं. कोडीन किंवा ट्रॅमॅडॉल ही वेदनाशामक द्रव्यं असलेली औषधं काही देशांत नियंत्रित आहेत. मार्गातल्या प्रत्येक देशाचा नियम पाहा. विमा घेताना सलग किती दिवस चालेल ते आधी विचारा. वर्षभराच्या पॉलिसीत प्रत्येक प्रवासाला बहुधा 30, 45 किंवा 60 दिवसांची मर्यादा असते, आणि 70 व्या दिवशी पाय मोडला तर ती उपयोगाची नाही. बोटीवरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरलेला हवा.

बोट दक्षिण अमेरिकेत किंवा आफ्रिकेत थांबणार असेल तर पीतज्वराची (यलो फीवर) लस लागते का ते बघा. ती सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. वय साठीच्या पुढे असेल तर लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. प्रमाणपत्र पासपोर्टमध्येच ठेवा: पीतज्वराच्या देशातून ते न घेता परतलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.